सहा मुलींच्या सहा खिडक्या

आधी सुधाकाकूंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. मी इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आज ताठ मानेने उभा आहे तो त्यांच्यामुळे. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत. त्यानंतर कोल्हापुरात खानावळ, मग पुण्यात हॉटेल, मग इथे. मराठी लिहितो मी, पण घसरत घसरत. शुद्धलेखन काकूच तपासणार आहेत. फक्त शेवटचा परिच्छेद त्यांना दाखवायचा नाही, असं ठरवलंय.

सव्वा महिना झाला. लंचची गडबड चालली होती आणि एप्रनच्या खिशात फोन वाजला. "संभा, हे गेले," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला, रेडिओ लाव म्हणाले, मी लावून वळले तर खुर्चीतच… तू घाई करू नकोस, शिफ्ट संपवून ये." आणि खरं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यांना आता माझ्याकडून काय हवंय? माणूस गेल्याचा फोन आणि मी त्यात हेतू शोधत होतो. असा आहे माझा स्वभाव. तो कसा झाला, तेही सांगतो, कारण वसंतकाकांची आठवण त्याच्याशिवाय सांगताच येणार नाही.

या देशात आल्यावर माझ्या पहिल्या मालकाने माझा पासपोर्ट "सेफ राहील" म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो चौदा महिने सेफ राहिला. मागितला की "उद्या". मी गप्प बसायचो, कारण कुठल्या कागदावर काय सही केलीय तेच मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी म्हणजे मला ऑर्डरच्या स्लिपा तेवढ्या कळायच्या, त्याही अक्षरांच्या आकारावरून. त्याच दिवसांत रेडवेवर माझ्या सायकलची चेन पडली. रेडवे म्हणजे इथले सायकलींसाठीचे लाल रस्ते, मोटारींना तिथे बंदी. मी हात काळे करून बसलो होतो, तेव्हा एक सत्तरीचे गृहस्थ थांबले, खाली बसले आणि चेनकडे न बघता, नुसत्या बोटांनी ती बसवून दिली. "मराठी का?" म्हणाले. माझ्या तोंडून काहीतरी शिवी गेली असणार, त्यावरून ओळखलं असेल. ते वसंतकाका. पुण्याचे, कॉम्प्युटर इंजिनियर, रिटायर्ड. इथे जो तो मोटारीने फिरतो आणि यांनी मात्र चांगली गाडी विकून टाकलेली. विचारलं तर "पर्यावरण" म्हणायचे. मला वाटलं, चिक्कू असतील.

पासपोर्टचं मी त्यांना तिसऱ्या भेटीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे सुधाकाकू, माझ्याबरोबर आल्या. रेस्टॉरंटमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसल्या आणि एक चहा मागवला. मालक म्हणाला, मॅडम, अजून काही? "नाही," काकू म्हणाल्या, "याचा पासपोर्ट मिळेपर्यंत बसणार आहे. स्वेटर विणायचा आहेच माझा." खरंच लोकर काढली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसल्या. गिऱ्हाईकं बघायला लागली तेव्हा ड्रॉवर उघडला. बाहेर पडल्यावर पासपोर्ट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "यापुढे हा कुणाच्याही हातात द्यायचा नाही." पुढे नवीन नोकरीचे फॉर्म त्यांनीच भरले, प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवून.

दर रविवारी काका मला सायकलवर न्यायला लागले. निघताना दारामागच्या खुंटीवरचं भडक पिवळं जॅकेट, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं, माझ्या अंगात चढवायचे आणि म्हणायचे, "तू पुढे हो." परतल्यावर जॅकेट परत खुंटीवर. मला हे खटकायचं. स्वतः साध्या शर्टात आणि मला का हे बुजगावणं? पुढे का मी? कामावरचा एक पोरगा म्हणाला, "तुझ्यावर नजर ठेवत असतील." तो चेष्टेत म्हणाला. मी चेष्टेत घेतलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांनी इटलीचं काढलं. विचेन्झा गावाच्या भोवती जुन्या व्हिला आहेत, चारपाचशे वर्षांच्या, शेताबिताच्या मध्ये. सायकली भाड्याने घ्यायच्या, सहा दिवस हिंडायचं. "काका, इथल्या मराठी मंडळात तुमचे एवढे मित्र आहेत, महागड्या सायकली आहेत त्यांच्याकडे. मी कशाला?" मी विचारलं. "तुझे पाय चांगले आहेत," ते म्हणाले. हे काही उत्तर झालं? आमचं किचन त्या आठवड्यात रंगकामासाठी बंद होतं, सबब सांगायलाही जागा नव्हती. आणि निघायच्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "पासपोर्ट तुझ्याच खिशात ठेव हं. यांच्याकडेसुद्धा देऊ नकोस." आता सांगा, बायको आपल्या नवऱ्याबद्दल असं म्हणते तेव्हा माणसाने काय समजायचं? विमानात मी सगळा वेळ खिशावर हात ठेवून बसलो होतो.

पण इटली मला आवडली, हे कबूल करतो. वेडीवाकडी पांढऱ्या खडीची वाट, दोन्हीकडे मका, आमच्याकडे असतो तसाच, पाटाचं पाणीही तसंच. मध्येच तुतीची झाडं आणि मग एकदम देवळासारखे खांब असलेलं घर. एवढ्या मोठ्या घरामागे लागूनच गोठे आणि धान्याची कोठारं. ते बघून मला बरं वाटायचं. काही ठिकाणी सायकली कुंपणाला लावून द्राक्षाच्या मळ्यातून चालत जावं लागायचं, तिथेही मी पुढे. काका मागून विचारत राहायचे. "खांब किती रे? भिंतीवर चित्र आहे का? कसलं आहे?" मला वाटायचं, परीक्षा घेतायत. स्वतःला दिसत नाही काय?

दुसऱ्या गेस्ट हाउसमध्ये मालकिणीने नोंदीसाठी दोघांचे पासपोर्ट घेतले आणि परत देताना वडीलधारे म्हणून दोन्ही काकांच्या हातात दिले. त्यांनी पाऊचमध्ये टाकले. "असू देत माझ्याकडे," म्हणाले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या मागितला. काकांनी पाऊच चाचपला, त्यांचा निघाला, माझा नाही. सॅकच्या कप्प्यात हात घातला, कोटाचे खिसे उलटे केले. "इथेच ठेवला होता रे…" आणि माझा पासपोर्ट त्यांच्या पलंगावर, निळ्या चादरीवर, हातभर अंतरावर पडला होता. मी तो पाहिला. त्यांची मान त्याच्यावरून दोनदा गेली. दोनदा. मला वाटलं, हा माणूस नाटक करतोय, मी किती घाबरतो ते बघतोय. मी पासपोर्ट उचलला आणि म्हणालो, "काका, तुम्हीपण तसलेच निघालात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेमकं माझ्याकडे नाही, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. "सापडला ना? मग झालं," एवढंच म्हणाले. मी ते नजर चुकवणं समजलो.

त्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या एका पांढऱ्या व्हिलापर्यंत गेलो. फाटक बंद होतं, गजांतून घर दिसत होतं. फाटकाशी मोठा बोर्ड, वर इटालियन, खाली इंग्रजी. "वाच बरं काय लिहिलंय," काका म्हणाले. माझ्या अंगाची आग झाली. सकाळचा सूड घेतायत, आठवी पास माणसाला इंग्रजी वाचायला लावून त्याची जागा दाखवतायत. म्हटलं, थांबा. वर बघितलं तर सहा खिडक्या होत्या, एक जरा बारीक. बोर्डकडे तोंड करून मी सुरू केलं. "मालक रेशमाचा व्यापारी. त्याला सहा मुली. खिडकीत बसण्यावरून रोज भांडणं, म्हणून बापाने एकेकीला एकेक खिडकी बांधून दिली. धाकटीची बारीक आहे, कारण ती घर बांधून झाल्यावर जन्मली."

"असं लिहिलंय?"

"हो."

"बोर्डवर?"

"हो."

"छान लिहितात रे हे लोक," काका म्हणाले आणि हसले. मग सायकल वळवली. "चल, तू पुढे हो."

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मी मात्र सकाळच्या त्या वाक्याची माफी मागितली नाही. रविवार चालू राहिले, जॅकेट चालू राहिलं, वाटलं, कधीतरी मागू. कशाला मागायची, असंही वाटायचं, त्यांच्या मनात काय आहे कुणास ठाऊक.

तेराव्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले, तेव्हा काकांच्या एका मित्राने उभं राहून तीच गोष्ट सांगितली. सहा मुली, सहा खिडक्या. लोक रडत रडत हसले. मी उठून मागच्या पॅन्ट्रीत गेलो आणि कप विसळायला लागलो. काकू आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, की ते खोटं आहे, मला तो बोर्ड वाचता आला नव्हता, मी त्यांना फसवलं. आणि पासपोर्टचंही सांगितलं, जे बोललो ते जसंच्या तसं.

काकू स्टुलावर बसल्या. "अरे, यांना दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या मधोमध डाग. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. चार वर्षं झाली होती. गाडी का विकली मग? कुणाला सांगू नकोस म्हणाले. मंडळातले लोक हात धरून चालवतील, ते नको होतं त्यांना. तुझं पिवळं जॅकेट तेवढं दिसायचं, म्हणून तुला पुढे घालायचे."

"मग पासपोर्ट त्यांना देऊ नकोस म्हणालात ते?"

"ठेवतील कुठेतरी आणि सापडणार नाही त्यांना, म्हणून. दुसरं काय?"

माझा संशय खोटा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. ते काहीतरी लपवत होतेच, आणि मला उगाच नेलं नव्हतंच. पण मी सगळीकडे शोधत होतो तो माझा पहिला मालक, आणि समोर होता एक आंधळा होत चाललेला माणूस, ज्याने खडीच्या वाटेवर, परक्या देशात, आपला जीव माझ्या पाठीवर सोपवला होता. माझ्यावर नजर ठेवत होते ते. तेवढीच उरली होती त्यांच्याकडे.

"आणि गोष्टीचं म्हणशील," काकू म्हणाल्या, "तर तिथलं पुस्तक आणलं होतं त्यांनी. मी वाचून दाखवलं. त्यात मुलीबिली काही नाहीत, कुणीतरी पाद्री राहायचा तिथे. मी म्हटलं, संभाने भलतंच सांगितलंय. तर म्हणाले, मला तिथेच कळलं होतं, त्याला वाचता येत नाही. पण पुस्तकापेक्षा त्याचं चांगलं आहे, तेच राहू दे. आणि त्याला विचारू नकोस, ओशाळेल पोरगा."

म्हणजे त्यांना माझं माहीत होतं. मला त्यांचं नाही.

जॅकेट अजून दारामागच्या खुंटीवर आहे. काकूंनी हलवलेलं नाही. रविवारी मी जातो, ते घालतो, रेडवेवर एक चक्कर मारतो आणि वळणावर सवयीने थांबतो, मागचं माणूस आलंय का बघायला. मग परत आणून टांगतो. मंगळवारी आणि गुरुवारी लायब्ररीत मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग असतो, तिथे जातो. बारा जणांत मी सगळ्यात मागे आहे, पण आहे.

काकू, हे तुम्हाला छापून आल्यावरच कळेल. तुमचे गुडघे सायकलवर चालणार नाहीत, ठाऊक आहे मला. विचेन्झाच्या त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत टॅक्सी करू, पुढे हळूहळू चालत जाऊ, बसत बसत. फाटकाशी तुम्हाला उभं करीन आणि तो बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचून दाखवीन, जे लिहिलंय तेच, एक अक्षर पदरचं न घालता. पाद्री तर पाद्री. त्या दिवशी दोन्ही पासपोर्ट तुमच्या पर्समध्ये असतील. थोडी वर्षं लागतील, पण हे देणं फेडीन.