आस्ताची विहीर

अमेरिकेत डाकोटाच्या माळावर सरकार जमीन फुकट देत होतं. अट एवढीच की पाच वर्षं तिथेच राहायचं आणि जमीन कसायची. आस्ता आणि तिचा नवरा आयनार नॉर्वेहून आले ते या फुकटाला भुलून. त्या फुकटात पाणी, लाकूड आणि शेजार धरलेला नव्हता, हे इथे आल्यावर कळलं. घर मातीच्या ढेकळांचं, चुलीत वाळक्या गवताचे पीळ, आणि पाणी लांबच्या ओढ्यावरून. ते वाहून वाहून आस्ताचे खांदे कामातून गेले होते.

चौथ्या उन्हाळ्यात आयनारने विहीर खणायला घेतली. तो खाली खणायचा, ती वर रहाटाने बादली ओढायची. खाली वाळू लागली. वाळूला फळ्यांचा आधार लागतो हे त्याला ठाऊक होतं, पण फळ्या आणायच्या म्हणजे रेल्वेच्या गावापर्यंत बैलगाडी न्यायची, आणि कापणी तर तोंडावर आलेली.

"वर या हो! फळ्या आल्यावर बघू," ती ओरडली.

"अगं, वाळू ओली लागलीय! संध्याकाळी घरच्या पाण्याची कॉफी पाजतो तुला."

कडेची वाळू ढासळली तेव्हा आवाजही फार झाला नाही. रहाट फिरेनासा झाला, एवढंच.

लांबलांबचे शेजारी धावले. वाळू उपसावी तेवढी कडेची आत येई. शेवटी शेजारचा सोरेन खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, आता आणखी एक माणूस जाईल." त्यांनी फावडी ठेवली. पाद्रीबाबांनी काठावरूनच प्रार्थना म्हटली आणि मंडळी आपापल्या कापणीला गेली. त्यांचं तरी काय चुकलं?

मिनेसोटाहून धाकटा भाऊ हाल्वर न्यायला आला. "ताई, चल. काय उरलंय तुझं इथे?"

तिलाही जायचंच होतं. त्या खड्ड्याला लांबून वळसा घालूनच ती ओढ्यावर जाई. पण आता सोडली तर जमीन दुसऱ्याला मिळणार, आणि आयनारचं मरण अगदीच फुकट जाणार. "मालकीचा कागद हातात येऊ दे," ती म्हणाली. "मग विकून येते."

मुदत भरली तेव्हा हाल्वर पुन्हा आला. कचेरीत कारकुनाने विचारलं, "मधल्या काळात नवरा जमीन सोडून कुठे गेला होता का?"

"नाही. तिथेच आहेत."

कारकुनाने मान वरही न करता शिक्का मारला.

हाल्वरने गिऱ्हाईक आधीच गाठून ठेवलं होतं. माणूस भला होता, भावही चांगला देत होता. "अर्धी विहीर खणलेली आहे म्हणे?" तो हसत म्हणाला. "झकास! पहिल्यांदा तीच उपसून घेतो."

आस्ताने कागद घडी घालून झग्याच्या खिशात खोल सारला. "विकायची नाही," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

हाल्वर संतापला. त्याने गाडी मिनेसोटाच्या वाटेला लावली.

"तिकडे नाही रे," ती म्हणाली. "घरी ने मला."