मामांची तांब्याची घागर

अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले तेव्हा सगळ्या जगात एकाच माणसाला आनंद झाला, आणि तो माणूस सोलापुरात राहत होता. ते माझ्या बायकोचे मामा. "बरं झालं! आता तरी लोकं शानी हुतील," असं म्हणत त्यांनी घरातला रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावर टाकला आणि मामींना चुलीपुढे बसवलं. जमिनीतून निघणारं तेल आणि त्या तेलातून निघणारं प्लॅस्टिक, दोन्ही त्यांना सारखीच वर्ज्य. सायकलच्या साखळीलासुद्धा ते घाण्यावरचं करडईचं तेल घालत. मग सायकलवर इतक्या मुंग्या चढत, की आपल्या दुकानात पोचेपर्यंत मामा पाय झटकून बेजार. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेढे आणले, तर पेढे ओंजळीत घेऊन पिशवी त्याच्याच खिशात परत कोंबायचे. रेल्वेने निघाले की आधी इंजिन बघून येत. कोळशाचं असलं तर बसायचे, डिझेलचं दिसलं तर गाडी सोडून द्यायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नाला कुर्डुवाडीला ते अशाने दुसऱ्या दिवशी पोचले आणि मांडव सोडणाऱ्यांवर अक्षता टाकून परतले.

पण खरी लढाई घरात होती. दुष्काळानंतरची ती वर्षं, पाणी गल्लीच्या टोकाच्या नळावर. शेजारणी हलक्या प्लॅस्टिकच्या घागरी झुलवत यायच्या आणि मामी मात्र तांब्याची जड घागर वाहायच्या. शेवटी त्यांची कंबर धरली. मी समाचाराला गेलो तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या घागरीचा विषय काढला, आणि मामांनी तासभर व्याख्यान दिलं. ते संपल्यावर मामी कण्हत उठून बसल्या.

"तुमचं तत्त्व लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन ते माज्याच कमरेवर का?"

मामांनी उठून कोपऱ्यातली घागर हातात तोलून बघितली आणि खाली ठेवली. आता प्लॅस्टिक घरात येणार, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मामा स्वतःच तांब्याची घागर खांद्यावर घेऊन बायकांच्या रांगेत उभे! बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मामीस्नी माहेरी धाडलं व्हय?" एकीने विचारलंच.

"न्हाय. तत्त्व माजं, तर वजनबी माजंच की," मामा म्हणाले आणि एक पाऊल पुढे सरकले.

त्याच आठवड्यात चूल फुंकायलाही तेच बसू लागले. पाणी तर त्यांनी शेवटपर्यंत वाहिलं.

मामा गेल्यावर मामी आमच्याकडे आल्या, सोबत ती घागर घेऊन. आमच्या घरात बादलीपासून साबणाच्या डबीपर्यंत सगळं प्लॅस्टिकचं, पण मामींना प्यायला घागरीतलंच पाणी लागतं. परवा मी ती अंगणातल्या नळावर भरली आणि स्वयंपाकघरापर्यंत नेताना दोनदा खाली टेकवली. त्या रांगेत मामांना बघून मीही हसलो होतो, त्याची फार लाज वाटली. मामी दारातून बघत होत्या.

"ते मधे कुटं टेकवत न्हवते," त्या म्हणाल्या आणि पदराने घागरीचं बूड पुसू लागल्या.