फळ्यावरची कोरी जागा

नायगावच्या नाक्यावर एक काका रोज सकाळी इंग्रजी पेपरातल्या बातम्या मराठीत करून फळ्यावर लिहायचे. नाव मी कधी विचारलं नाही. फाइल ‘क्लिअर’ झाली की ते ‘मंजूर’ लिहीत, साहेब ‘क्लिअर’ झाला की ‘निर्दोष’. एकदा बातमी आली, वडाळ्याच्या झोपड्या ‘क्लिअर’ झाल्या. काकांनी तेवढी जागा कोरी सोडली, खडू खिशात टाकला आणि बस पकडली. दुपारी आले ते धुळीने माखून. मग लिहिलं, ‘झोपड्या पाडल्या. माणसं फुटपाथवर.’

“काका, एका शब्दासाठी वडाळा गाठलात?” मी विचारलं.

“बातमीत माणसंच नव्हती रे. म्हटलं, गेली कुठे ते बघून येऊ.”

मी मराठी पेपरात उपसंपादक. आदल्या दिवशी तीच बातमी मी खुर्चीतून न उठता मराठीत केली होती: ‘भूखंड मोकळा.’