अत्तम्माचा उजवा न्यूमोनिया

माझ्या सासूला, म्हणजे आमच्या अत्तम्माला, तीन वर्षांत चार वेळा न्यूमोनिया झाला. चारही वेळा नातेवाईक रडायला जमले आणि चारही वेळा ती उठून बसली. शेवटी टेक्कलीची नणंद चिडलीच. म्हणाली, आता नक्की ठरलं की मगच कळवा.

अत्तम्मा चुट्टा ओढते, तंबाखूच्या पानाची जाड विडी, आणि तीही उलटी. पेटतं टोक तोंडात. आमच्या आंध्रच्या किनाऱ्यावर सगळ्याच म्हाताऱ्या तशा ओढतात, वाऱ्यानं विझत नाही म्हणून. नाकातली लोंबती बुलाक एका बोटानं उचलायची, निखारा आत सारायचा आणि ओठ न उघडता मला दिवसभर शिव्या घालायच्या. येरागबाळ्याचं काम नाही ते.

तीन वर्षांपूर्वी त्या बुलाकीचा सोन्याचा मणी हरवला. घरात बाहेरून आलेली मी एकटीच, म्हणजे चोर मीच. देवीपुढे हळदीवर हात ठेवून शपथ घेतली, तर म्हणे चोराला शपथेचं काय. तेव्हापासून मी मासळीचं कालवण वाढलं, की ती आधी विचारते, यातलं काय काय काढून ठेवलंस. फार लागायचं मला ते.

गावचा डॉक्टर दर वेळी सुया टोचायचा. ताप उतरला की सगळे खूश. या वेळी मीच हट्टानं तिला विशाखापट्टणमला नेलं. तिथल्या सुगुणा डॉक्टरीणबाईंनी गावाकडचे चारही धुरकट एक्स-रे खिडकीशी धरले.

"दर वेळी उजवीकडेच, आणि तळाशीच. ताप पुष्कळ बघितला, आता तिथे काय अडकलंय ते बघू."

एवढ्या वर्षांचा धूर आहे, गाठही असू शकते, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो ढसाढसा रडला. खोटं कशाला बोलू, मीही रडले.

दुसऱ्या दिवशी श्वासनळीत दुर्बीण घातली. गाठ नव्हतीच. मणी होता. निखाऱ्याच्या धगीनं बुलाकीची तार झिजली असणार, आणि एका झुरक्यासरशी तो आत गेला असणार. तीन वर्षं चोर मी, आणि माल हिच्या छातीत.

बाईंनी मणी बाटलीत घालून अत्तम्मापुढे धरला. आता तरी काही बोलेल, असं वाटलं.

तिनं बाटली उजेडात फिरवून पाहिली. "माझा याहून मोठा होता," म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "उरलेला कुठं ठेवलास?"

नवरा खाली बघू लागला. मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली आणि डॉक्टरीणबाईंना दिली.

"बाई, होता तिथेच ठेवा हा परत."