बाटलीत मूठभर मीठ

जनू घरताची हयात धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेली. बारा वर्षांचा असताना बापामागं फावडं घेऊन उतरला, तो साठी उलटली तरी उतरतच होता. टाचांना भेगा आणि भेगांत मीठ. मासळी असो की कैरी, टिकते ती मिठानं, एवढं एक शास्त्र त्याला पक्कं ठाऊक.

त्याची बायको चंद्रावती बांधावरून घसरली नि मांडीचं हाड मोडलं. रोह्याला ऑपरेशन झालं, आत सळी बसली, आणि महिन्याभरात जखम वाहायला लागली. तिला पेणच्या दवाखान्यात हलवलं. सलायनमधून भारी भारी औषधं गेली, पण जंतू कशालाच दाद देईना.

डॉक्टर मृणालीनं जनूला बाकड्यावर बसवून समजावलं. "काका, आता एकच वाट उरलीय. जंतूंना मारणारे विषाणू असतात. माणसाच्या वाटेला जात नाहीत, जंतूलाच धरतात. पण काकूंच्या जंतूला धरणारा पुण्याच्या प्रयोगशाळेत एकही निघाला नाही."

"म्हंजे जंतूला पन रोग व्हतो?"

"होतो, काका. आणि जंतू जिथला, तिथंच त्याचा वैरी मिळाला तर मिळतो. रोह्याच्या दवाखान्यामागच्या गटाराचं पाणी हवंय. बाटलीभर, बर्फात घालून."

चंद्रावती खाटेवरून हसली. "जल्मभर गटाराकडं फिरकू दिलं नाय, नि आता त्याचंच पानी पाजताव मला?"

"पाजायचं नाय गो. त्यातला वैरी तेवढा गाळून जखमेत सोडायचा."

गटारापाशी जनू वाकलेला बघून तिथला वॉचमन पोपट म्हणाला, "काय आजोबा, तीर्थ भरताय?" जनूनं बाटली भरली. ती थर्माकोलच्या डब्यात ठेवली नि एसटी धरली. नागोठण्याला बघतो तर बर्फाचं पाणी झालेलं. आता हे नासलं तर? पिशवीत नर्सबाईंना द्यायला आणलेली आगरातल्या मिठाची पुडी होती. त्यातलं मूठभर त्यानं बाटलीत सोडलं, झाकण आवळलं, आणि पेण येईस्तोवर निवांत डुलकी काढली.

आठ दिवसांनी मृणालीनं त्याला बोलावलं. "काका, पाण्यात काय घातलंत?"

"मीठ. नासू नये म्हनून."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "एवढ्या मिठानं त्यातले विषाणूच निकामी झाले. नमुना फुकट गेला, काका. पुन्हा आणायला हवा. पण जंतू आता रक्तात उतरलाय. नवा विषाणू शोधायचा, वाढवायचा, साफ करायचा, तीन आठवडे तरी लागतील. आणि काकूंकडं..."

"मंग आनू नको?"

"आणा," ती म्हणाली, पण मान खाली घालूनच.

चंद्रावती तापानं फणफणली होती. तरी नवऱ्याचं तोंड बघून म्हणाली, "जाव द्या. माजं कालवन पन तुमीच खारट करताव."

दुसऱ्या दिवशी जनू पुन्हा रोह्याच्या गटारापाशी उभा राहिला. सगळं ऐकून पोपटची थट्टा तोंडातच विरली. त्यानं नळाच्या पाण्याची बादली आणली नि जनूच्या हातांवर मगानं पाणी ओतलं. साबण लावून झाला. एकदा, दोनदा, तीनदा. जनूनं बोट जिभेला लावून बघितलं.

"अजून खारट हाय," तो म्हणाला नि हात पुन्हा पुढं केले. "ओत."