गोंदण कुणाचं, सही कुणाची

“ह्या गोंदलेल्या बायचा चेडू काय ता? वाटणा नाय गो,” कुडाळच्या एसटी स्टँडवर मागच्या बाकावरची बाई सुनेला म्हणाली.

आई, तू तेव्हा माझी बॅग गाडीत चढवत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. मला गेलं, आणि मी तुझी मुलगी वाटत नाही याचं बरं वाटलं. शाळेत पेरेंट्स मीटिंगला मी बाबांनाच का बोलवायचे, तेही तुला कधी सांगितलं नाही.

आता मी नाहूरला राहते आणि अंधेरीच्या एका स्किन क्लिनिकमध्ये लेसरच्या खोलीत असिस्टंट आहे. संमतीचा फॉर्म भरून घ्यायचा, पेशंटला गॉगल लावायचा. बोलावं कमी लागतं, म्हणून जमतं. बहुतेक जण मनगटावरचं जुनं नाव पुसायला येतात.

अरब पेशंटही येतात. तिकडच्या खेड्यांतल्या जुन्या बायकांच्या हनुवटीवर तुझ्यासारखंच गोंदण असतं. आमचे दुभाषे अन्वरचाचा सांगतात, दिव्याची काजळी बाळंतिणीच्या दुधात कालवून सुईने टोचायचे. हल्ली तिकडे बरेच जण ते धर्माला धरून नाही म्हणतात. कित्येक जणी स्वतःहून काढायला येतात. तो त्यांचा प्रश्न.

काल एक मुलगा आईला घेऊन आला. घरात लग्न आहे, फोटोत हे दिसायला नको, असं त्याने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. सहीसुद्धा त्यानेच ठोकली. चाचा बाहेर चहा पीत होते, त्यांना कुणी बोलावलंच नाही. त्याची आई खुर्चीत बसून तळहाताने हनुवटी झाकत होती.

“फॉर्म झाला ना? मग लाव गॉगल,” डॉक्टर म्हणाले. “आजी झकास दिसतील बघ.”

डॉक्टरांनी दाखवलेला अंगठा पाहून मुलगा हसला. चांगल्या शाळेत शिकलेला, माझ्यासारखाच. म्हणूनच संताप आला. तू म्हणायचीस, “दागिने हंयच रवतले, ह्या तेवडा वांगडा येतला.” मेल्यावरही जे बरोबर जाणार, ते हा आपल्या लाजेपायी परस्पर पुसून टाकणार. आणि इतकी वर्षं मी तरी वेगळं काय केलं? घर म्हणजे तुझा चेहरा, आणि तोच मी लोकांपासून लपवत आले.

मशीन सुरू झालं होतं. मी फॉर्म टेबलावर ठेवला. डॉक्टरांना म्हणाले, “सर, चाचांना आत बोलवा. यांना अजून कुणी विचारलेलं नाही. त्या स्वतः हो म्हणेपर्यंत मी गॉगल लावणार नाही.”