पाम स्प्रिंग्जमध्ये एक बाळंतपण

जूनमध्ये महिनाभर पाम स्प्रिंग्जला घर भाड्याने घेतोय म्हटल्यावर सनीव्हेलमधल्या मित्रमंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं ठिकाण, तिथे लोक हिवाळ्यात जातात, उन्हाळ्यात अर्धं गाव रिकामं असतं. आम्हाला तेच हवं होतं. मे अखेरीस, आठव्या महिन्यात, आमची मुलगी पोटातच गेली. त्यानंतर लिफ्टमध्ये, देसी दुकानात, जो तो माझ्या पोटाकडे बघून नजर वळवायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचा. तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नव्हतं. माझा नवरा मंदारसुद्धा नाही.

बाळंतपणासाठी आईचं तिकीट आधीच काढलेलं होतं. "आता कशाला येतेस, कॅन्सल कर," असं मी फोनवर सांगितलं. ती सांगलीहून मुंबईला आणि तिथून सरळ आमच्या दारात आली. बॅगेत डिंक, खारीक, ओवा, तिळाचं तेल, सगळं जसं ठरलं होतं तसं.

कोणाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. आय-फाइव्ह महामार्गाने दक्षिणेला, लॉस एंजलिसच्या अलीकडे पूर्वेला वळायचं. आठ तास म्हणतात, आम्हाला अकरा लागले, कारण मला सारखं उतरावं लागत होतं. पीठ, डाळ, तूप घरून न्या, आम्हाला तिथे देसी दुकान सापडलं नाही. गावाच्या तोंडाशी शेकडो पवनचक्क्या लागल्या. "साताऱ्याकडे वनकुसवड्याला आहेत तशाच की," आई म्हणाली. अकरा तासांतलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

घर मात्र झकास मिळालं. दोन खोल्या, भांडीकुंडी, दारातच पोहण्याचा तलाव, आणि भाडं हिवाळ्याच्या निम्मं. मालकीण नॅन्सी सत्तरीची, शेजारीच राहायची. मंदार दोन दिवस थांबला आणि गाडी आमच्याकडे ठेवून विमानाने कामावर परतला. मला त्याचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या सकाळी आईने एसी बंद केला, माझ्या कानांत कापूस घातला आणि वर रुमाल बांधला.

"आई, बाहेर एकशे दहा फॅरनहाइट आहे."

"बरंच आहे. शेगडी पेटवायला नको. झोप इथे."

स्वयंपाकघराच्या फरशीवर तिने टॉवेल अंथरला होता.

"हे सगळं बाळ असतं त्यांच्यासाठी असतं," मी म्हटलं. तिने तेल कोमट करून पायांपासून सुरुवात केली. मी छताकडे बघत पडून राहिले. मला तिचा हात नको होता. मला काहीच नको होतं.

मग रोज तेच. तेल, ऊन ऊन पाणी, डिंकाचा लाडू, झोप. बॅगेच्या तळाशी मला अळिवाची पुडी दिसली. अळिवाने दूध येतं. ती पुडी आईने सोडलीच नव्हती. दूध मला बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी आलं होतं, आणि ते येईल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा अर्ध्या तासावर खजुराच्या बागा बघायला गेलो. तिथलं खजूर घातलेलं घट्ट मिल्कशेक प्रसिद्ध आहे, जरूर प्या, पण दोघांत एक पुरे. आईने रांगेत उभ्या बाईची बाबागाडी बघितली आणि मला उन्हात दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे कोणी नव्हतं, आम्ही उगाच झाडं बघत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात नॅन्सीने दार ठोठावलं. विजेचा मीटर जवळजवळ हललाच नव्हता, एसी बिघडलाय का हे बघायला ती आली होती. मी फरशीवर, तेलाने माखलेली, डोक्याला रुमाल.

"इज शी सिक?"

"नॉट सिक," आई म्हणाली. "डिलिव्हरी. वन मंथ."

नॅन्सीचा चेहरा उजळला. तिने खोलीभर नजर फिरवली. "ओह, व्हेअर इज द बेबी?"

आईचा हात माझ्या पोटरीवर थांबला. "बेबी डाइड. शी इज मदर. मदर नीड्स ऑइल."

आणि ती पुन्हा तेल लावू लागली. हॉस्पिटलमधून आल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी नको तितकी रडले. मला आई असं कोणी म्हणालंच नव्हतं. नॅन्सी चप्पल काढून तेलकट फरशीवर बसली.

घर सोडलं तेव्हा नॅन्सीने आईला मिठी मारली, आईने तिला उरलेले लाडू दिले. उन्हाळ्यात पाम स्प्रिंग्जला जावं का, असं मला विचाराल तर फिरायला जाऊ नका, अंगाची लाही होते. पडून राहायचं असेल, लोकांपासून लांब, तर जा.

आई नोव्हेंबरपर्यंत राहिली. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला आम्ही तिघं गेलो. पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनी सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी," मी म्हटलं. "मेमध्ये गेली."

काकूंचा हात ताटातच राहिला. मी मंदारकडे बघितलं. मला वाटलं आता हा उठून जाईल.

"ईरा," तो काकूंना म्हणाला. "ईरा नाव ठेवलं होतं आम्ही तिचं."